लंडन किती तासांवर आहे?

वाचकांचे प्रश्न : विमानप्रवास

विमानप्रवासाबद्दलचे प्रश्न पाठवा, असं मागच्या अंकात लिहिलं होतं. पत्रं आली ती जवळजवळ सगळी एकाच गोष्टीची : दोन विमानतळांमधलं अंतर किती आणि वेळ किती लागतो. मला मनापासून आनंद झाला. मुंबई विमानतळावर एका विमान कंपनीच्या डिस्पॅच विभागात मी चौतीस वर्षं काढली. विमान कोणत्या वाटेने जाईल, किती उंचीवरून, वाटेत वारा कसा असेल, इंधन किती भरायचं, हे सगळं उड्डाणाआधी ठरवून फ्लाइट प्लॅन करायचा, हे आमचं काम. म्हणजे तुमचाच प्रश्न मी प्रत्येक पाळीत सात-आठ वेळा सोडवत होते. पाच पत्रं निवडली आहेत.

प्रश्न : माझी लेक लंडनला असते. नातवाने मुंबई ते लंडन हे अंतर संगणकावर तीन ठिकाणी पाहिलं. एकीकडे ७,२०० आलं, दुसरीकडे ४,४८०, तिसरीकडे ३,८९५. खरं कोणतं? आणि लेक इकडे येताना साडेआठ तासांत येते, परत जाताना दहा तास लागतात. वाट तर तीच ना?
– एक वाचक, मिरज

ताई, तिन्ही आकडे खरे आहेत, फक्त मापं वेगळी आहेत. ७,२०० हे किलोमीटर, ४,४८० हे आपले नेहमीचे मैल आणि ३,८९५ हे सागरी मैल. विमानाचा सगळा कारभार सागरी मैलात चालतो. पृथ्वीवर उत्तर-दक्षिण एक अंश सरकलात की ६० सागरी मैल होतात, म्हणून नकाशावर मोजायला ते सोयीचं. एक सागरी मैल म्हणजे १,८५२ मीटर. नातवाला गुणाकार करून बघायला सांगा, तिन्ही आकडे एकमेकांना येऊन मिळतील. दहा-पंधरा किलोमीटरचा फरक राहिलाच तर त्याचंही कारण आहे. कुणी पृथ्वी चेंडूसारखी गोल धरतं, कुणी ती ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे हे जमेस धरतं.

पण हे अंतर कुठल्या वाटेचं? घरात पृथ्वीचा गोल असेल तर एक दोरा घ्या. एक टोक मुंबईवर, दुसरं लंडनवर धरा आणि दोरा ताणा. तो जामनगरच्या आसपासून बलुचिस्तानात शिरेल, इराण ओलांडेल, कॅस्पियन समुद्रावरून काळ्या समुद्राच्या वरच्या अंगाने युक्रेनमध्ये जाईल आणि पुढे पोलंड, जर्मनी करत लंडनला पोचेल. भिंतीवरच्या सपाट नकाशात हीच वाट उगाच वर वळसा घेतल्यासारखी दिसते, पण सगळ्यांत जवळची वाट तीच. ७,२०० किलोमीटर म्हणजे या ताणलेल्या दोऱ्याची लांबी. तुमच्या लेकीचं विमान मात्र या दोऱ्यावरून जात नाही.

आता दोऱ्यावरचे देश पुन्हा बघा. युक्रेनचं आकाश प्रवासी विमानांना २४ फेब्रुवारी २०२२ पासून बंद झालं. पाकिस्तानने आपलं आकाश भारतीय कंपन्यांच्या विमानांना एप्रिल २०२५ मध्ये बंद केलं. त्याआधी २०१९ मध्येही ते फेब्रुवारीपासून जुलैपर्यंत बंद होतं. मग विमान मुंबईहून निघून अरबी समुद्रावर जातं, मस्कतच्या बाजूने आखाताकडे वळतं आणि तिथल्या त्या दिवशीच्या परिस्थितीप्रमाणे पुढची वाट धरतं. मुंबईकरांना याची झळ कमी लागते, कारण समुद्र दाराशीच आहे. दिल्लीहून निघालेल्या भारतीय विमानाला आधी खाली गुजरातकडे यावं लागतं आणि मग पश्चिमेला वळावं लागतं. म्हणून दिल्ली नकाशात लंडनला मुंबईपेक्षा जवळ असूनही तिथल्या लोकांचे हाल जास्त झाले. तुमची लेक परदेशी कंपनीच्या विमानाने येत असेल तर त्याला पाकिस्तानवरून जाता येतं. तिला कंपनी कोणती ते विचारा, निम्मं उत्तर तिथेच मिळेल.

उरलेलं उत्तर वाऱ्याचं, आणि ते मला जरा सविस्तर सांगायचं आहे.

मी कामाला लागले तेव्हा हवामान खात्याकडून वरच्या वाऱ्यांचे नकाशे कागदावर यायचे. त्यावर ठिकठिकाणी छोटे बाण काढलेले असत आणि बाणाच्या शेपटीला रेघा. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल. अर्धी रेघ म्हणजे ५ नॉट, पूर्ण रेघ १० नॉट, भरीव त्रिकोण ५० नॉट. पावसाळ्यात उत्तर भारतावर नुसत्या रेघा दिसायच्या. दिवाळी उलटली की त्रिकोण उगवायला लागायचे. जानेवारीतल्या एका रात्रपाळीला दिल्लीच्या आसपास बाणांना दोन-दोन त्रिकोण आणि वर दोन रेघा होत्या. १२० नॉट, म्हणजे ताशी २२२ किलोमीटर वेगाने पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहणारा वारा. आमचे वरिष्ठ त्या त्रिकोणांवर पेन्सिलीचं टोक टेकवून म्हणाले, “आज ही नदी आहे. काठाकाठाने जा.” मग आम्ही डिव्हायडर घेऊन बसलो आणि दोनशे किलोमीटरचा वळसा पडला तरी वाट दक्षिणेला सरकवली. वळसा घेऊनही विमान लवकर पोचणार होतं. अंतराला भुलायचं नाही, हे मी त्या रात्री शिकले.

आता तुमच्या लेकीचा हिशेब करू. प्रत्यक्ष वाट समजा ७,६०० किलोमीटरची पडली. विमानाचा हवेतला वेग ताशी ९००. वाराच नसता तर ८ तास २७ मिनिटं लागली असती. जाताना समोरून सरासरी ६० किलोमीटरचा वारा आला तर जमिनीवरून मोजलेला वेग ८४० उरतो आणि लागतात ९ तास ३ मिनिटं. येताना तोच वारा पाठीशी आला की वेग ९६० होतो आणि ७ तास ५५ मिनिटं पुरतात. दोन्हींत धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं, रांगेत थांबणं यांची पाऊण तासाच्या आसपास भर घाला. तुमचे साडेआठ आणि दहा तास साधारण जुळतात की नाही बघा.

यातली एक गोष्ट लक्षात घ्या. जाताना वाऱ्याने ३६ मिनिटं खाल्ली, येताना ३२ च परत दिली. वाऱ्याचा जोर तेवढाच असला तरी समोरच्या वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकतं, म्हणून जाऊन-येऊन हिशेब कधीच बरोबरीत सुटत नाही. नदीत नाव चालवणाऱ्या कृष्णाकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

तुलनेसाठी म्हणून सांगते. एअर इंडियाचं पहिलं आंतरराष्ट्रीय उड्डाण ८ जून १९४८ ला मुंबईहूनच लंडनला निघालं. ‘मलबार प्रिन्सेस’ हे चार पंख्यांचं कॉन्स्टेलेशन विमान होतं. वाटेत कैरो आणि जिनिव्हाला थांबत ते १० जूनला पोचलं. दोऱ्याची लांबी तेव्हाही ७,२०० किलोमीटरच होती.

प्रश्न : पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते. मग पश्चिमेला जाणारं विमान लवकर पोचायला हवं, कारण ठिकाण त्याच्याकडे येत असतं. उलट का होतं?
– अकरावीतला विद्यार्थी, लातूर

बाळ, हा प्रश्न पडायलाच हवा. आपल्या मुंबईच्या अक्षांशावर जमीन ताशी सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे चाललेली आहे, विमानाच्या वेगापेक्षा कितीतरी जोरात. पण धावत्या रेल्वेत बसून हातातलं लिंबू वर उडवलंस तर ते मागच्या डब्यात जात नाही, हातातच परत पडतं. कारण लिंबू आधीपासूनच गाडीबरोबर धावत असतं. विमानही उड्डाणाआधीपासून जमिनीबरोबर फिरत असतं आणि ज्या हवेत ते उडतं ती हवाही.

तरी तुझ्या विचारात तथ्य आहे, ते सोडू नकोस. विषुववृत्तापाशी तापलेली हवा वर चढते आणि ध्रुवांकडे सरकते. विषुववृत्तावर तिचा पूर्वेकडचा वेग सगळ्यांत जास्त असतो. उत्तरेला यावं तसं खालच्या जमिनीचा वेग कमी होत जातो, पण हवेचा जोर राहतो. मग ती जमिनीच्या पुढे पळायला लागते आणि आपल्याला तो पश्चिमेकडून येणारा वारा वाटतो. जेट स्ट्रीम, म्हणजे खूप उंचावरून वाहणारा हा जोराचा वारा, तयार होण्यामागे हे एक मोठं कारण आहे. म्हणजे पृथ्वीचं फिरणं विमानाच्या वेळेत येतंच, फक्त वाऱ्याच्या वाटेने येतं.

फेब्रुवारी २०२० मध्ये अटलांटिकवर मोठं वादळ होतं, तेव्हा न्यूयॉर्कहून निघालेलं एक प्रवासी विमान ४ तास ५६ मिनिटांत लंडनला पोचलं. एरवी सहा तासांच्या पुढे लागतात. अंतर साडेपाच हजार किलोमीटरच्या थोडं वर, तेच.

आणि आपल्याकडची मोठी गोष्ट म्हणजे पावसाळ्यात दक्षिण भारतावर हे सगळं उलटं होतं. तिथे खूप उंचावर पूर्वेकडून पश्चिमेला जोराचा वारा वाहतो. पूर्वेकडून वाहणाऱ्या या जेट प्रवाहाचा उलगडा भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम् यांनी १९५० च्या दशकात केला. जुलैत चेन्नईहून आखाताकडे जाणाऱ्या विमानाचा प्लॅन करताना वारा पाठीशी मिळाला की मला त्यांची आठवण व्हायची. विज्ञान शाखेत असशील तर हवामानशास्त्र हा विषय जरूर मनात ठेव. आपल्या देशाला त्याची फार गरज आहे.

प्रश्न : पुणे–नागपूर हवाई अंतर सहाशे किलोमीटर. विमानाचा वेग आठशेच्या वर. पाऊण तासात पोचायला हवं. तिकिटावर मात्र सव्वा ते दीड तास लिहितात. ही फसवणूक नाही का?
– एक व्यावसायिक, नागपूर

नाही. तिकिटावरची वेळ ही उडण्याची नसते. ती चाकांपुढची अडण काढल्यापासून पुन्हा अडण लावेपर्यंतची असते. आम्ही त्याला ‘चॉक्स ऑफ ते चॉक्स ऑन’ म्हणतो. विमान उभं राहिलं की कामगार वाकून चाकांना पिवळ्या पाचरी लावतो आणि अंगठा वर करतो, तिथे तुमचा प्रवास संपतो. संगणकावरचं अंतर मात्र एका विमानतळाच्या ठरवून दिलेल्या बिंदूपासून दुसऱ्याच्या बिंदूपर्यंतचं असतं, तुमच्या खुर्चीपासून नव्हे.

मधले सहाशे किलोमीटरही पूर्ण वेगाने कापले जात नाहीत. ३५,००० फुटांवरून खाली यायला विमान साधारण दोनशे किलोमीटर आधीपासून उतरायला लागतं. चढतानाही बराच पल्ला जातो. १०,००० फुटांच्या खाली २५० नॉटची, म्हणजे ताशी सुमारे ४६० किलोमीटरची मर्यादा असते. पुणे–नागपूरमध्ये खरा पूर्ण वेग मिळतो तो पंधरा-वीस मिनिटं. शिवाय पुण्याची लोहगावची धावपट्टी एकच आणि ती हवाई दलाची, त्यांच्या सरावाच्या वेळा सांभाळाव्या लागतात. मुंबईला दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदतात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. गर्दीच्या तासाला तिथे चाळीसच्या वर विमानं चढ-उतार करतात. विमान वसईवर किंवा समुद्रावर घिरट्या घालताना दिसलं तर ते रांगेत उभं आहे असं समजा.

कंपन्या वेळापत्रकात पाच-दहा मिनिटं राखून ठेवतात, हे मात्र खरं आहे. वेळेवर पोचल्याची नोंद चांगली राहते. मला त्यात वावगं वाटत नाही. पुढची गाडी गाठायची असलेल्या माणसाला दहा मिनिटं आधी पोचलेलं विमान चालतं, दहा मिनिटं उशिरा आलेलं चालत नाही.

प्रश्न : मुलगा सॅन होजेला असतो. दिल्ली–सॅन फ्रान्सिस्को विमान पूर्वेला जपानकडून जातं असं तो म्हणाला. ती वाट लांबची ना?
– एक निवृत्त शिक्षक, नाशिक

गुरुजी, लांबचीच. ताणलेला दोरा सुमारे १२,४०० किलोमीटरचा आहे आणि तो थेट उत्तरेला, ध्रुवाच्या बाजूने जातो. एअर इंडिया पूर्वी युरोप आणि अटलांटिकवरून जात असे, ती वाट १३,९०० किलोमीटरची होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये त्यांनी पॅसिफिकवरून जायला सुरुवात केली. ही वाट १५,३०० किलोमीटरची, म्हणजे १,४०० किलोमीटर जास्त, आणि तरी सुमारे दोन तास कमी. साडेचौदा तासांत विमान पोचायला लागलं, कारण सबंध वाटभर वारा पाठीशी. परतताना मात्र त्या वाटेने यायचं नाही. तेव्हाही पूर्वेकडेच यायचं, म्हणजे अटलांटिकवरून. जाताना पूर्वेला आणि येतानाही पूर्वेला, म्हणजे एका फेरीत पृथ्वीप्रदक्षिणा. असा प्लॅन कागदावर पूर्ण झालेला बघताना आमच्या खोलीत सगळे उठून टेबलापाशी यायचे.

तारखेचाही गोंधळ होऊ देऊ नका. हिवाळ्यात पहाटे चारला दिल्लीहून निघून साडेचौदा तास उडालं, तर तिथल्या घड्याळात त्याच दिवशीचे पहाटेचे पाच वाजलेले असतात.

प्रश्न : आमच्या सासूबाई पहिल्यांदाच एकट्या लंडनला चालल्यात. तिकिटावर रात्री दोनला निघून सकाळी सातला पोचेल असं आहे. एजंट म्हणाला, पाच तास. खरं का?
– एक गृहिणी, चिपळूण

मुळीच नाही. उन्हाळ्यात साडेनऊ तास, हिवाळ्यात साडेदहा. तिकिटावर दोन्ही वेळा त्या त्या गावच्या असतात. उन्हाळ्यात लंडन आपल्या साडेचार तास मागे असतं, हिवाळ्यात साडेपाच. मार्चच्या शेवटच्या रविवारी त्यांचं घड्याळ पुढे जातं, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी मागे येतं. अमेरिकेचे रविवार वेगळे आहेत, म्हणून तिकडचा हिशेब वेगळा करायचा.

हे पत्र वाचून मी थोडा वेळ तशीच बसले. १९९४ च्या जूनमध्ये माझी आई अशीच एकटी निघाली होती, धाकट्या भावाकडे. वेळाही जवळजवळ याच. तिलाही कुणीतरी पाच तास सांगितले होते. रोज प्लॅन करणारी मी, पण घरच्या गडबडीत आईला नीट समजावून सांगायचं माझ्याकडून राहिलं. तिच्या हातातल्या घड्याळात सकाळचे सात वाजले. विमान उतरेना. आठ वाजले, नऊ वाजले. खिडकीचे पडदे ओढलेले, शेजारचा माणूस झोपलेला, हवाई सुंदरीशी बोलायला इंग्रजी येत नाही. विमान वाट चुकलं असं तिला वाटलं. सकाळची रक्तदाबाची गोळी तिने घेतलीच नाही, उतरल्यावर खाऊन घ्यायची म्हणून. साडेचार तास ती हातात जपमाळ घेऊन बसली होती. हे तिने मला परत आल्यावर, सप्टेंबरात, भाजी निवडताना सांगितलं. तक्रार म्हणून नव्हे, सहज.

पुढच्या वेळी मी तिला वहीच्या कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून दिलं : ‘घड्याळ बदलू नकोस. आपल्या घड्याळाने रात्री दोनला निघशील, सकाळी साडेअकराला उतरशील. अर्धा तास मागेपुढे झाला तर वारा आहे. गोळी आठ वाजता, विमानातच.’ तो कागद तिने बटव्यात ठेवला आणि नंतरच्या दोन्ही फेऱ्यांना तोच नेला. दुसऱ्या वेळी थंडीचे दिवस होते, वेळा बदलल्या होत्या, म्हणून मी फक्त आकडे खोडून वर नवे लिहिले.

तुमच्या सासूबाईंना असाच कागद लिहून द्या. मराठीत, मोठ्या अक्षरांत, आपल्या घड्याळाने. मागच्या बाजूला इंग्रजीत दोन ओळी लिहा, की मला इंग्रजी येत नाही आणि पाणी हवं आहे. गोळ्या हातातल्या पिशवीत द्या, मोठ्या बॅगेत नकोत. आणि त्या बसल्या की तिकडच्या माणसाला फोन करून निघायची नव्हे, उतरायची वेळ कळवा, तिथल्या घड्याळाने.